घरच्या सिम्युलेटरवर उंच वेज फटक्यांचा सराव: नवख्यांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यात गोल्फची आवड लागलेल्या माणसाची पहिली अडचण मैदानाची असते. लातूर, परभणी किंवा नांदेडला राहून मोठ्या मैदानावर नियमित सराव करायचा तर बहुधा पुण्याची वाट धरावी लागते, आणि नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून ते दर आठवड्याला जमणे कठीण. त्यामुळे घरातली रिकामी खोली, गच्चीवरचे पत्र्याचे शेड किंवा शेतातल्या आखाड्यावरचे गोदाम यांपैकी जे हाताशी असेल तेथे सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर मारलेल्या चेंडूचे पुढचे उड्डाण गणिताने काढून दाखवणारी यंत्रणा, बसवण्याचा विचार काही हौशी मंडळी करतात. बसवल्यावर बहुतेकजण आधी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी), हातात घेतात. ती हौस लवकरच फिटते. माझ्या मते घरगुती सिम्युलेटरचा खरा उपयोग वेजसाठी, म्हणजे जवळच्या अंतरावर चेंडू उंच टाकणाऱ्या क्लबसाठी आहे, कारण वेज आखूड असतो, त्याला खोली कमी लागते, आणि गोल्फमधले पुष्कळसे गुण हिरवळीपासून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापासून) शंभर यार्डांच्या आत मिळवले किंवा गमावले जातात.

उंच वेज फटक्याची मात्र एक खास अडचण आहे. मैदानावर चेंडू किती वर गेला हे डोळ्यांना दिसते. खोलीत तो तीन मीटरही न जाता पडद्यावर आदळतो आणि पुढची सगळी उंची यंत्र गणिताने काढते. म्हणजे खोलीत उंची दिसत नाही, ती आकड्यांतून वाचावी लागते. ते आकडे विश्वासार्ह हवे असतील तर क्लब फिरवण्याआधी खोली, यंत्र, चेंडू आणि चटई यांची तयारी नीट व्हायला हवी. या लेखाचा बराचसा भाग त्या तयारीवर खर्च केला आहे, आणि तो वगळून थेट फटक्यांकडे जाऊ नये अशी सूचना आहे.

खोलीचे माप आणि छताचा हिशेब

आपल्याकडच्या स्लॅबच्या घरांत खोलीची उंची बहुधा दहा फुटांच्या आसपास असते. जुन्या माळवदाच्या घरांत तुळयांमुळे ती कमी भरते. वेज फिरवायला दहा फूट पुरतात. प्रश्न चेंडूचा आहे. चेंडू ज्या कोनात निघतो त्यावरून तो पडद्यापर्यंत किती वर चढेल हे आधीच काढता येते. पडदा चेंडूपासून १० फुटांवर असेल, तर ३० अंशांत निघालेला चेंडू तेथे पोहोचेपर्यंत पावणेसहा फूट वर चढतो, ३५ अंशांत ७ फूट, ४० अंशांत जवळजवळ साडेआठ फूट आणि ४५ अंशांत पूर्ण १० फूट, म्हणजे थेट छत. गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्यक्षात तो थोडा खालीच राहतो; पूर्ण ताकदीच्या फटक्यात हा फरक दोन-तीन इंचांचा असतो, तर हळू मारलेल्या छोट्या फटक्यात तो फूटभर होऊ शकतो.

आता पडदा १२ फुटांवर नेला तर ४० अंशांचा चेंडूदेखील छताला लागतो, आणि ८ फुटांवर आणला तर ४५ अंशांचा चेंडू ८ फुटांवरच पडद्याला भिडतो. मोठी खोली असली की पडदा जितका दूर तितका चांगला असे अनेकांना वाटते, पण उंच वेजच्या सरावासाठी पडदा जवळ असणे सोयीचे आहे. फार जवळही नको. आठ फुटांच्या आत चेंडू पडद्यावरून उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो आणि काही यंत्रांना चेंडूचे उड्डाण वाचायला अंतर पुरत नाही. दहा फूट उंचीच्या खोलीत चेंडू ते पडदा हे अंतर साडेआठ ते नऊ फूट ठेवावे आणि पडद्याच्या मागे भिंतीपर्यंत किमान फूटभर मोकळी जागा सोडावी. पडदा ताणून बांधू नये. थोडा सैल पडदा चेंडूचा वेग गिळतो, ताणलेला पडदा चेंडू परत फेकतो.

छताचा पंखा काढावाच लागतो. उन्हाळ्यात हे जिवावर येते, पण फिरता पंखा क्लबला आणि चेंडूला धोकादायक आहेच, शिवाय रडारवर चालणाऱ्या यंत्राला जवळची प्रत्येक हलणारी वस्तू गोंधळात टाकू शकते. पाठीमागच्या भिंतीवर पंखा लावावा, किंवा कूलर दाराबाहेर ठेवून नुसती हवा आत घ्यावी. कूलरची ओलसर हवा सरळ यंत्रावर, चेंडूंवर किंवा पडद्यावर येऊ देऊ नये. त्याचे कारण पुढे फिरकीच्या संदर्भात येईल. चेंडू आणि पडदा यांच्यामधल्या छतावर ट्यूबलाइट असेल तर ती बाजूच्या भिंतीवर हलवावी.

पडद्याची चौकट बहुधा लोखंडी पाइपची असते, आणि उंच फटक्यांत सर्वाधिक मार वरच्या आडव्या पाइपलाच बसतो. पाइपवर आदळलेला चेंडू सरळ खेळणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. म्हणून त्या पाइपभोवती जाड फोम गुंडाळावा, आणि छतापासून पाइपपर्यंत उतरती जाळी किंवा जाड कापड सैल सोडावे. घरातली जुनी गोधडीही या कामाला उत्तम चालते.

जाळी विकत घेताना एक गोष्ट पारखून घ्यावी. आपल्या गावांतल्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत क्रिकेटच्या सरावाची जाळी सहज मिळते, पण तिची घरे क्रिकेटच्या चेंडूच्या मापाने विणलेली असतात. नियमानुसार गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, त्यामुळे मोठ्या घरांच्या जाळीतून तो आरपार जातो किंवा घरात अडकून धागा तोडतो. दुकानात जाताना खिशात गोल्फचा एक चेंडू ठेवावा आणि जाळीच्या घरात दाबून पाहावा. घर एका इंचाहून लहान असेल तरच जाळी घ्यावी. शेतीसाठीचे शेडनेट या कामाचे नाही. त्याचा धागा असा मार सोसण्यासाठी केलेला नसतो.

पत्र्याचे शेड वापरणाऱ्यांनी पत्र्याखाली काहीतरी मऊ लावल्याशिवाय उंच फटक्यांना हात घालू नये. चेंडू पत्र्यावर आदळल्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आणि दुपारी दोनच्या सुमारास तो ऐकवला तर शेजाऱ्यांशी संबंध टिकत नाहीत.

यंत्राची निवड आणि जागा

चेंडूचे मोजमाप करणारी घरगुती यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. रडारवर चालणारे यंत्र चेंडूच्या मागे ठेवतात आणि ते पुढे जाणाऱ्या चेंडूचा माग काढते. गार्मिनचे अप्रोच आर१० हे याचे परिचित उदाहरण असून ते चेंडूच्या मागे सहा ते आठ फुटांवर ठेवावे लागते. म्हणजे मागचे आठ, पुढचे नऊ आणि पडद्यामागचा एक धरून खोली किमान अठरा फूट लांब हवी. कॅमेऱ्यावर चालणारी बरीच यंत्रे चेंडूच्या बाजूला किंवा छतावर बसतात आणि चेंडू निघाल्याक्षणीच्या प्रतिमांवरून वेग, कोन व फिरकी काढतात. त्यांना खोलीची लांबी कमी लागते, साधारण पंधरा-सोळा फुटांत काम भागते.

केवळ उंच वेजचा विचार केला तर लहान खोलीत कॅमेऱ्याचे यंत्र अधिक सोयीचे ठरते. रडारच्या यंत्राला बंद खोलीत चेंडू क्षणभरच दिसत असल्याने काही यंत्रे फिरकी प्रत्यक्ष मोजण्याऐवजी अंदाजाने काढतात. अशा यंत्रांसोबत धातूची खूण असलेले चेंडू वापरले की वाचन सुधारते. कॅमेऱ्याच्या काही यंत्रांनाही विशिष्ट नक्षी छापलेले चेंडू लागतात. यंत्रासोबत कोणते चेंडू अपेक्षित आहेत हे माहितीपत्रकात वाचूनच खरेदी करावी, नाहीतर फिरकीच्या आकड्यावर विसंबता येणार नाही आणि उंच फटक्याच्या अभ्यासात तोच आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे.

कॅमेऱ्याच्या यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नये. खिडकीतून सकाळी येणारा उन्हाचा पट्टा चटईवर सरकत आला की वाचने चुकू लागतात. जाड पडदा लावला की प्रश्न मिटतो. संगणक, प्रोजेक्टर आणि यंत्र यांना इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा आधार द्यावा, कारण वीज गेल्यावर नुसते फटके मारत राहण्यात अर्थ नाही.

सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान भरण्याची सोय असेल तर ती वापरावी. छत्रपती संभाजीनगर आणि पुणे ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर, म्हणजे सुमारे १,८०० फुटांवर आहेत. त्यामुळे पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर कधीतरी खेळायचे असेल तर हीच उंची भरून सराव केल्यास अंतरे जुळून येतील. विरळ आणि उष्ण हवेत चेंडू थोडा लांब जातो. वेजच्या बाबतीत हा फरक लहान असला तरी आकडा भरायला काही खर्च येत नाही.

क्लब आणि चेंडू

वेजचे चार प्रकार बाजारात दिसतात. पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचा मागे झुकलेला कोन, साधारण ४४ ते ४८ अंश, गॅप वेजचा ५० ते ५२, सँड वेजचा ५४ ते ५६ आणि लॉब वेजचा ५८ ते ६० किंवा त्याहून अधिक असतो. नवख्याने ५६ अंशांचा सँड वेज घेऊन सुरुवात करावी आणि लॉब वेज काही महिने विसरावा. उंच फटका म्हटला की ६० अंशांचाच क्लब हवा हा समज सर्वत्र आहे, पण नवख्याच्या हातात तो लहानशा चुकीचीही मोठी किंमत वसूल करतो.

वेजच्या तळाला मागच्या बाजूने जो फुगवटा असतो त्याला बाउन्स म्हणतात. १९३२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जीन सॅराझन यांनी असा तळ वाढवलेला वेज वापरून विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर हा आकार रूढ झाला. शेतीशी संबंध असलेल्या वाचकाला बाउन्सचे काम चटकन कळेल: पुढची धार आधी लागली तर क्लब नांगराच्या फाळासारखा रुततो, तळ आधी टेकला तर तो वखराच्या पासेसारखा वरच्या थरातून सरकतो. उंच फटक्यात आपल्याला दुसरा प्रकार हवा असतो.

चेंडूंच्या बाबतीत काटकसर करताना विचार करावा. कठीण आवरणाच्या स्वस्त चेंडूवर वेजची पकड कमी बसते. असा चेंडू जास्त कोनात वर उडतो आणि कमी फिरतो. युरेथेनच्या मऊ आवरणाचा चेंडू थोडा खालच्या कोनात निघतो पण जास्त फिरतो. खोलीत याचा दुहेरी परिणाम होतो: स्वस्त चेंडू छताला अधिक वेळा लागतात, आणि पडद्यावरचा आकडा पाहून आपण फार उंच मारायला शिकलो असा गैरसमज होतो. सराव आणि खेळ एकाच जातीच्या चेंडूने करावा, इतके पथ्य पाळले तरी पुरे.

चटई फसवते

सिम्युलेटरवर वेज शिकणाऱ्याची सर्वांत मोठी फसवणूक चटई करते. मैदानावर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागला तर तो मातीत अडकतो आणि चेंडू जेमतेम पुढे सरकतो. चटईवर तोच क्लब घसरून पुढे येतो, चेंडूला लागतो, आणि पडद्यावर बरा आकडा दिसतो. म्हणजे चुकीचा फटका चुकीचा आहे हे यंत्राला कळत नाही.

यावर साधा उपाय आहे. पातळ पंचाची लांबट घडी करून ती चेंडूच्या मागे चार इंचांवर आडवी ठेवावी. क्लब आधी पंचाला लागला की तो सरकतो किंवा क्लबबरोबर उडून पुढे येतो, आणि आकडा कितीही चांगला दिसत असला तरी तो फटका मोजायचा नाही. दुसरा उपाय क्लबफेसवर, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, टाल्कम पावडरचा पातळ थर देण्याचा. फटका मारल्यावर पावडरीत चेंडूच्या खळग्यांची गोल नक्षी उमटते. ती नक्षी फेसवरच्या आडव्या खाचांपैकी खालून दुसऱ्या-तिसऱ्या खाचेच्या आसपास आणि आडव्या मापाने मध्यावर असेल तर भेट योग्य झाली. नक्षी फेसच्या वरच्या तिसऱ्या भागात दिसली तर क्लब चेंडूच्या खालून निसटला आहे. असा चेंडू उंच उडतो पण त्यात जोर नसतो. नक्षी सर्वांत खालच्या खाचेवर आली तर चेंडू धारेवर लागला आहे. पावडरमुळे फिरकी कमी होते, म्हणून ही तपासणी करताना फिरकीचा आकडा पाहू नये आणि नंतर फेस पुसून काढावा.

चटई सिमेंटच्या फरशीवर थेट टाकू नये. खाली दाट रबर किंवा जाड फोम हवा, नाहीतर कोपर आणि मनगट दुखू लागते. वेजचा फटका वरून खाली येतो, त्यामुळे हा धक्का ड्रायव्हरपेक्षा जास्त बसतो. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक वेज मारू नयेत.

पहिला टप्पा: न उचलता उंची

या टप्प्यापासून क्लब हातात घ्यावा. पहिले लक्ष्य ४० यार्डांचा फटका. यार्ड म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा किंचित कमी.

पाय खांद्यांपेक्षा थोडे जवळ ठेवावेत आणि वजन पुढच्या पायावर किंचित जास्त असावे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पुढचा पाय डावा. चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर असावा. हात चेंडूच्या फार पुढे ढकलू नयेत. दांडा जवळजवळ सरळ, बक्कलच्या दिशेने असावा. डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत क्लब मागे न्यावा आणि छाती लक्ष्याकडे वळेपर्यंत फटका पूर्ण करावा. मनगटे सैल, पण मुद्दाम फिरवलेली नकोत.

नवखा माणूस येथे एक चूक हमखास करतो: चेंडू उंच जावा म्हणून तो उजव्या मनगटाने चेंडूला खालून वर उचलू पाहतो आणि वजन मागच्या पायावर टाकतो. उंची क्लबच्या लॉफ्टमधून येते, उचलण्यातून नाही. क्लब किंचित खाली उतरत असतानाच चेंडूला भेटला पाहिजे. उचलणारा माणूस चटईवर निभावून नेतो, पण त्याचा पंचा जवळजवळ प्रत्येक फटक्यात हलतो.

आकडे जोडीने वाचावेत

पडद्यावर दहा-बारा आकडे दिसतात आणि नवखा माणूस त्यांतला अंतराचा आकडा पाहून खूश किंवा नाराज होतो. उंच वेजसाठी चार आकडे पाहावेत: लाँच अँगल म्हणजे चेंडू निघण्याचा कोन, फिरकी, चेंडूचा वेग आणि उतरण्याचा कोन. यांतला एकही एकट्याने वाचू नये.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्यावी की चेंडू क्लबच्या लॉफ्टइतक्या कोनात निघत नाही, नेहमी त्यापेक्षा खालीच निघतो. ५६ अंशांचा वेज सरळ फेसने नीट लागला तर चेंडू साधारण तिशीच्या आसपासच्या कोनात निघतो. त्यामुळे पडद्यावर ३१ दिसले म्हणून वाईट वाटून घेऊ नये. व्यावसायिक खेळाडूंचा पिचिंग वेजचा फटकासुद्धा सरासरी २४ अंशांच्या आसपास निघतो, तरी तो सुमारे २९ यार्ड उंच जातो आणि ५० अंशांहून तीव्र कोनात खाली उतरतो. यामागे वेग आणि फिरकी आहे. फिरकीमुळे चेंडूला हवेत वरचा आधार मिळतो.

समजा तुमचे फटके सातत्याने ३१-३२ अंशांत निघत आहेत आणि अचानक एक फटका ३९ अंशांत निघाला. आनंद होण्याआधी फिरकी पाहावी. ती निम्म्यावर आली असेल तर चेंडू फेसवर घसरला आहे. असे होण्याची कारणे बहुधा साधी असतात: खाचांत साचलेली धूळ, घामट हातांनी उचललेला चेंडू, कूलरच्या हवेने आलेला ओलावा. आपल्याकडे मार्च ते जून या काळात दारे-खिडक्या लावूनही धूळ आत येते, म्हणून दर काही फटक्यांनी खाचा जुन्या दातब्रशने घासाव्यात आणि चेंडू कोरड्या फडक्याने पुसावा. मैदानावर असा घसरलेला चेंडू उंच जातो, पण पडल्यावर थांबत नाही, हिरवळ ओलांडून जातो.

कोन जास्त, वेग नेहमीपेक्षा कमी आणि पावडरीची नक्षी फेसच्या वर असेल तर क्लब खालून निसटला, असे समजावे. कोन वीस-पंचविसावर आला आणि वेग वाढला तर चेंडू धारेवर लागला. या शेवटच्या प्रकारात चेंडू पडद्यावर खालच्या बाजूला जोरात आदळतो आणि उसळतो. म्हणूनच खोलीत फटका चालू असताना मुलांना येऊ देऊ नये आणि पाहुण्यांना खेळणाऱ्याच्या मागेच बसवावे.

यंत्र खरे सांगते का, हे पडताळण्याची एक घरगुती रीत आहे. हळू फटक्यांत हवेचा परिणाम थोडा असतो, म्हणून साधे गणित बऱ्यापैकी जुळते: ४५ अंशांत निघालेल्या चेंडूची सर्वोच्च उंची त्याच्या हवेतल्या अंतराच्या चौथ्या हिश्श्याइतकी येते, आणि ३२ अंशांत निघालेल्या चेंडूची सहाव्या हिश्श्याच्या थोडी आत. म्हणजे ४० यार्डांचा, ३२ अंशांचा फटका सहा-साडेसहा यार्ड उंच गेला पाहिजे. यंत्र तेथे अकरा यार्ड दाखवत असेल तर ते जमिनीशी समपातळीत ठेवलेले नाही किंवा चटई त्यापेक्षा उंच आहे, हे आधी तपासावे. चटईखाली फोम घातल्यावर यंत्रही तितकेच उचलावे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसरा टप्पा: उंची वाढवणे

पंचा न हलवता फटके लागू लागले आणि कोन तीन-चार अंशांच्या पट्ट्यात राहू लागला की मगच उंची वाढवण्याकडे वळावे. बदल एका वेळी एकच करावा, नाहीतर कशामुळे काय झाले ते कळत नाही.

प्रथम चेंडू एका चेंडूच्या रुंदीइतका पुढच्या पायाकडे सरकवावा, बाकी काही बदलू नये. कोन दोन-तीन अंशांनी वाढल्याचे दिसेल. पंचा हलू लागला तर चेंडू फार पुढे गेला आहे.

त्यानंतर क्लबफेस उघडावा. यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी क्लब किंचित उजवीकडे फिरवावा आणि मग पकड घ्यावी. पकड घेऊन नंतर मनगट वळवले तर फटक्याच्या वेळी फेस परत बंद होतो. फेस उघडल्यावर तो लक्ष्याच्या उजवीकडे पाहतो, म्हणून पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवावेत. चेंडू आता जास्त वर आणि कमी पुढे जातो, तेव्हा तेच अंतर गाठायला क्लब मागे अधिक न्यावा लागतो. येथे नवखे कचरतात आणि मध्येच वेग कमी करतात. त्यापेक्षा आधीच छोटा पण सलग फटका मारावा.

फेस उघडल्याने बाउन्सही वाढतो. गवतावर त्याचा फायदा होतो, पण कडक चटईवर फुगीर तळ आपटून क्लब वर उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर लागते. म्हणून खोलीत फेस थोडाच उघडावा. पूर्ण उघडा फेस, चेंडू पार पुढे आणि जवळजवळ सरळ वर जाणारा फ्लॉप नावाचा फटका घरी मारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दहा फुटी छताखाली त्याला जागा नाही, काही यंत्रांना तो नीट वाचताही येत नाही, आणि फेस फार उघडला की फिरकी वाढण्याऐवजी चेंडू घसरू लागतो. फारच इच्छा असेल तर यंत्र बंद करून फोमच्या चेंडूंवर हालचाल बसवावी.

अंतरांची वही

सवय बसल्यावर तीन लांबीचे फटके ठरवावेत: डावा हात कमरेखाली, डावा हात जमिनीला समांतर, आणि डावा हात खांद्याच्या वर. प्रत्येक प्रकारचे दहा-दहा फटके मारून हवेतले अंतर वहीत लिहावे आणि मधला आकडा आपला मानावा. सर्वांत लांबचा आकडा मानण्याचा मोह टाळावा. दोन वेज असतील तर सहा अंतरे हाती येतात. ॲपमध्ये ही नोंद राहतेच, पण मैदानावर खिशातली वही पटकन उघडते.

सिम्युलेटरवर चेंडू पडल्यानंतर किती घरंगळला याला फार महत्त्व देऊ नये. तो आकडा उतरण्याचा कोन, वेग, फिरकी आणि सॉफ्टवेअरमध्ये ठरवलेला हिरवळीचा कडकपणा यांवरून काढलेला असतो. तसेच यंत्राच्या लेखी तुमचा चेंडू नेहमी सपाट, नीट कापलेल्या गवतावर असतो. वाढलेले गवत, उतार, समोरचा वारा यांची सवय खोलीत होत नाही.

म्हणून अधूनमधून बाहेर पडताळणी करावी. पीक निघालेल्या रानात, माणसे आणि जनावरे दूर असताना, चटईचा तुकडा टाकून नव्वद फुटांवर, म्हणजे तीस यार्डांवर, एक गोणपाट अंथरावे आणि वहीतल्या अंतराप्रमाणे त्यावर चेंडू टाकून पाहावेत. काळ्या रानात उन्हाळ्यात हे करू नये. भेगांमध्ये गेलेला चेंडू हाती लागत नाही. हिवाळ्यात, सकाळी वारा पडलेला असताना ही तपासणी उत्तम होते. पडण्याची जागा वहीपेक्षा सातत्याने तीन-चार यार्ड आखूड येत असेल तर घरी परतल्यावर यंत्राची पातळी, चेंडूचा प्रकार आणि सॉफ्टवेअरमध्ये भरलेली समुद्रसपाटीपासूनची उंची या क्रमाने तपासावी.

रानात वापरलेले चेंडू पुन्हा पडद्यावर मारण्याआधी धुऊन, हातावर फिरवून पाहावेत. वेजच्या नव्या खाचा चेंडूचे आवरण खरवडतात आणि त्यावर बारीक कुसे उभी राहतात. माती चिकटलेला किंवा असा खरवडलेला चेंडू पडद्याचे कापड प्रत्येक फटक्याला थोडे थोडे कापत जातो. बोटाला खरखर जाणवली की तो चेंडू रानातल्या सरावासाठीच्या पिशवीत टाकावा.